उद्यापासून येऊ नका!
कामावरून कमी करताना कायदा आणि माणुसकी

मी सहावीत होतो. साल १९९१. माझे वडील एका लहानशा इंजिनिअरिंग कारखान्यात हेल्पर होते. एके दिवशी सकाळी ते गेटवर गेले, तर खणात त्यांचे हजेरी कार्ड नव्हते. वॉचमन ओळखीचा, रोज यांच्याच चंचीतली तंबाखू खाणारा. त्याने नजर खाली घालून सांगितले, "साहेबांनी तुम्हाला आत सोडू नका म्हणून सांगितलंय." बस्स, एवढेच. ना कागद, ना कारण, ना हिशोब.

वडिलांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. पुढचे अकरा दिवस ते नेहमीप्रमाणे सकाळी सातला डबा घेऊन निघत, एस.टी. स्टँडवर बसत, तिथेच डबा खात आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येत. पगाराची तारीख उलटून गेली आणि आईने विचारले, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले. नंतर कुणीतरी मध्यस्थी केली, एका कोऱ्या कागदावर सही झाली आणि थोडेसे पैसे हातात पडले. किती, ते मला आजही माहीत नाही. पण त्या अकरा दिवसांतला डबा माझ्या डोक्यातून जात नाही.

बंधू-भगिनींनो, आज हा विषय काढण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या वस्त्यांतून पूर्वी सगळे कामावर जाणारेच होते. आज त्याच वस्त्यांत कामाला ठेवणारेही आहेत. कुणाची फॅब्रिकेशनची शेड आहे, कुणाचे दोन टेम्पो आहेत, कुणा ताईची खानावळ आहे, कुणाचे ब्यूटी पार्लर, कुणाचे केटरिंग. पाच-सात माणसांची चूल त्यांच्यावर पेटते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण माणूस कामाला कसा ठेवायचा हे जितक्या लवकर कळते, तितक्या लवकर तो कमी कसा करायचा हे कळत नाही. आणि मग आपलाच माणूस आपल्याच माणसाला फोन करून सांगतो, "उद्यापासून येऊ नका."

हेच गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या डिसेंबरात, आमच्या वस्तीत घडले.

रविवारी विहारात वंदना झाली. मंडळी पांगली. चपला घालता घालता एक मामी माझ्याजवळ आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत बँकेचे पासबुक आणि एक जुनी डायरी. म्हणाल्या, "दादा, ह्यांना कामावरून काढलं. नऊ दिवस झाले, घरात बसून आहेत. बोलत नाहीत." त्यांचे यजमान वेल्डर. जून २०१९ पासून एकाच शेडमध्ये. शेडचा मालकही आमच्याच गल्लीतला, आयटीआय झालेला, कर्ज काढून उभा राहिलेला कष्टाळू मुलगा. त्याच्या लग्नात याच मामांनी मांडवाचे पाईप स्वतः उभे केले होते. फोनवर काय बोलणे झाले ते डायरीत मामांनी तारखेसह लिहून ठेवले होते. त्याच रात्री त्यांना कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकले होते. मामी म्हणाल्या, "फोनवर काढलं त्याचं एवढं नाही वाटलं, त्या ग्रुपमधून काढलं ते लागलं त्यांना."

मी वकील नाही. बी.कॉम. झालेला कारकून आहे. एका खाजगी कंपनीच्या आस्थापना विभागात हजेरीपत्रक, पगारपत्रक, पीएफ, ग्रॅच्युइटी हेच काम करतो. त्यामुळे माणूस कामावर येताना आणि जाताना जे कागद होतात, ते माझ्याच टेबलावरून जातात. त्या अनुभवावर मी शेडमध्ये गेलो.

शेडमधले बोलणे

मालक मुलाने खुर्ची दिली, चहा मागवला. मी विषय काढताच तो उसळला. "दादा, मी काय मोठा कारखानदार आहे का? माझी सात माणसं. गेटच्या कामाची मोठी ऑर्डर होती, ती गेली. एक वेल्डर जास्तीचा झालाय. मामांना आता नीट दिसतही नाही, वेल्ड परत करावा लागतो. मी काय करू, सगळ्यांनाच बुडवू?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. धंदा कमी झाला की माणूस कमी करावा लागतो. कायदाही त्याला नाही म्हणत नाही. मी एवढेच विचारले, "काढायचं कारण नक्की कोणतं? ऑर्डर गेली हे, की मामांना दिसत नाही हे, की ते न सांगता राहिले हे?" कारण फोनवर त्याने तिन्ही कारणे सांगितली होती.

इथेच बहुतेक लहान मालक अडकतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. माणूस कमी करण्याचे मुख्य दोन रस्ते आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. एक रस्ता शिक्षेचा. चोरी, मारामारी, दारू पिऊन कामावर येणे, वारंवार विनापरवानगी गैरहजेरी. त्यासाठी आरोप लेखी द्यावा लागतो, त्याचे उत्तर घ्यावे लागते, चौकशी करावी लागते, मगच शिक्षा. दुसरा रस्ता कपातीचा. कामगाराचा दोष काहीच नाही, काम उरलेले नाही. त्यासाठी नोटीस आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. पैसे वाचवायचे म्हणून कपातीच्या माणसावर दोषाचा शिक्का मारायचा, हा सगळ्यात वाईट प्रकार. तो न्यायालयात टिकत नाही आणि माणसाला जन्मभर पुरतो.

मुलगा म्हणाला, "ओळखीच्या एका लेबर कॉन्ट्रॅक्टरने सांगितलंय, काही द्यायची गरज नाही. मामा मध्ये चार दिवस आले नव्हते. 'काम सोडून गेले' असं रजिस्टरला लिहून टाक. नाहीतर राजीनाम्यावर सही घे."

मी त्याला १९९३ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय सांगितला. हरियाणातल्या एका कंपनीत आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलेल्या कामगाराचे नाव आपोआप पटावरून कमी केले गेले. कंपनीच्या स्थायी आदेशात तसे कलमही होते. तरी न्यायालयाने सांगितले की, त्याचे म्हणणे ऐकून न घेता आणि चौकशी न करता नाव कमी करता येणार नाही. कामगाराला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि मागचा निम्मा पगारही द्यायला लावला. मोठ्या कंपनीचे छापील कलम जिथे उपयोगी पडले नाही, तिथे आपल्या शाळेच्या वहीतल्या रजिस्टरची काय कथा!

राजीनाम्याचेही तेच. माणूस स्वतःच्या मनाने काम सोडतो त्याला राजीनामा म्हणतात. दार लावून, "सही कर नाहीतर पोलिसात देतो" म्हणून घेतलेला कागद राजीनामा नव्हे. ज्यांच्याकडून असा कागद घेतला गेला असेल त्यांनी घाबरून गप्प बसू नये, लगेच लेखी हरकत पाठवावी. पूर्वी आपण रजिस्टर पोस्टाने पाठवत असू, आता स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती जपून ठेवावी.

हिशोब

मग आम्ही वही घेऊन बसलो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. जुना १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे. पण लहान शेडमधल्या कपातीचा गाभा जुनाच राहिला. ज्या कामगाराची एका मालकाकडे वर्षभर सलग नोकरी झाली आहे, त्याला कमी करायचे तर एक महिन्याची लेखी नोटीस, त्यात कारण; नाहीतर नोटीसऐवजी एक महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई. वर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ असेल तर तेही एक वर्ष धरायचे. सरकारलाही कळवायचे. 'सलग वर्ष' म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम, आणि त्यात भरपगारी रजा वगैरे धरतात. हा नियम सात माणसांच्या शेडलाही आहे. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना मात्र आधी सरकारची परवानगी लागते. जुन्या कायद्यात हा आकडा १०० होता. कामगारांच्या दृष्टीने हा बदल काही चांगला झाला असे मला वाटत नाही, पण तो वेगळा विषय.

मामांचा पगार महिना २०,००० रुपये. जून २०१९ ते जानेवारी २०२६ अखेर म्हणजे ६ वर्षे ८ महिने, म्हणजेच ७ वर्षे. अर्ध्या महिन्याचे १०,००० गुणिले ७, झाले ७०,००० रुपये.

मुलाचा चेहरा उतरला. म्हणाला, "पण दादा, २०२० ला लॉकडाउनमध्ये शेड बंद होती. ते महिने वजा करा ना." मी म्हटले, "शेड मामांनी बंद केली होती का?" कामगाराच्या चुकीशिवाय काम बंद राहिले तर सलगपणा तुटत नाही. आजारपण, मंजूर रजा, कामावरचा अपघात यांनीही तुटत नाही. काही मालक अकरा महिन्यांनी आठ दिवस घरी बसवतात आणि पुन्हा बोलावतात, आणि समजतात की नोकरी नवी झाली. अशी कृत्रिम खंड देण्याची युक्ती न्यायालयांच्या चांगलीच ओळखीची आहे.

ग्रॅच्युइटी त्याला लागत नव्हती, कारण ती दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला आहे. जिथे लागते, तिथे पाच वर्षे झालेल्या माणसाला शेवटच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि वर्षांनी गुणायचे. रक्कम ३० दिवसांत द्यायची. आता ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्ष झाले तरी त्या प्रमाणात मिळते. आमच्या कित्येक भगिनी कंपन्यांत अशा नेमणुकीवर आहेत. त्यांनी आपले नेमणूकपत्र काढून एकदा वाचावे.

आणखी एक गोष्ट नवी आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा शेवटचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जायचा, अशी तरतूद संहितेत आहे. मी हे सांगितल्यावर मुलाने डोक्याला हात लावला. मी म्हटले, "बाबा रे, हे सगळे आज मोजून देणे आणि उद्या कोर्टात मोजून देणे यात फरक आहे. कोर्टात मधल्या वर्षांचा पगार पण मोजतात."

खरा पेच

पैशाचे जमले असते. पण हिशोब करताना दुसरीच गोष्ट पुढे आली. शेडमध्ये वेल्डर दोन. मामा, आणि एप्रिल २०२४ मध्ये आलेला एक तरुण मुलगा, पगार १५,०००. कायदा म्हणतो, त्या कामातल्या माणसांपैकी जो शेवटी आला तो साधारणपणे आधी जाईल. मामांना ठेवून त्या मुलाला काढावे लागत होते. वेगळे करायचे तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, किंवा मालक आणि कामगार यांच्यात तसा करार असावा लागतो.

मालकाचे गणित सरळ होते. जुना महाग, नवा स्वस्त. जुना शिडीवर चढत नाही, नवा चढतो. आणि तो नवा मुलगाही आमच्याच वस्तीतला. वडील नाहीत, लहान बहीण दहावीला, आठ महिन्यांपूर्वी लग्न झालेले. मी कायदा सांगायला गेलो होतो आणि माझ्या तोंडून त्या पोराच्या पोटावर पाय येत होता. त्या दिवशी मी काही न ठरवता परत आलो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी गेलो. त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. हेही सांगितले की, तुमचा हक्क आधी आहे, तुम्ही 'मी जात नाही' म्हणालात तर मालकाला तुम्हाला हात लावणे कठीण आहे. डोळ्यांचे म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात तपासून घ्या. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोराला राहू दे. मला शिडीचं काम झेपत नाही हे खरं आहे. पण मला फोनवर काढलं ते मी घेणार नाही. मला समोर बसवून सांगायचं, आणि माझा हिशोब नीट द्यायचा."

त्यांचे हे बोलणे मी कुणावर थोपवलेले नाही, आणि प्रत्येक जुन्या कामगाराने असेच करावे असेही माझे म्हणणे नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या मामांनी आपला हक्क धरून ठेवला तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

सांगायचे कसे

पहिले काम, फोनवरची काढणी रद्द. मालकाने मामांना लेखी कळवले की कामावर या, आणि मधल्या दिवसांचा पगार कापला नाही. मग एक महिन्याची नोटीस द्यायचे ठरले. नोटीसऐवजी पगार देण्याइतके पैसे त्याच्या हातात नव्हते, आणि महिनाभर काम केले तर गेटचे राहिलेले कामही उरकणार होते. नोटीस मी लिहून दिली, पाच ओळींची. अमुक ऑर्डर बंद झाल्यामुळे काम कमी झाले आहे, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, अमुक तारखेपासून सेवा संपेल, भरपाई इतकी मिळेल, आणि वर्षाच्या आत या कामावर माणूस घ्यायचा झाला तर आधी तुम्हाला विचारले जाईल. हे शेवटचे वाक्य मेहेरबानी नाही. कपात केलेल्या कामगाराला वर्षभरात आधी संधी देणे हे संहितेतच आहे.

कागदापेक्षा अवघड काम बोलण्याचे होते. मुलगा म्हणाला, "दादा, तुम्हीच सांगा ना त्यांना." मी नाही म्हटले. ज्याने कामाला ठेवले त्यानेच सांगितले पाहिजे. वॉचमनने नाही, मुकादमाने नाही, दादानेही नाही. वेळ कामाच्या दिवशी सकाळची घ्यावी. शनिवारी संध्याकाळी सांगितले की माणूस रविवारभर एकटा जळत राहतो. ना कार्यालय उघडे, ना बँक. सणाच्या किंवा घरातल्या कार्याच्या तोंडावर तर नकोच. बाकीच्यांच्या देखत नको. आणि बसवून पाणी-चहा दिला तरी मुद्दा पहिल्या दोन मिनिटांत सांगावा. अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारून शेवटी काढल्याचे सांगणे म्हणजे मानेवर हात फिरवत सुरी लावणे. "तुमच्या भल्यासाठीच करतोय" हे तर कधीच म्हणू नये. माणूस रागाने दोन शब्द बोलला तर ऐकून घ्यावे. त्या दोन शब्दांवरून 'गैरवर्तन' लिहायला बसू नये.

हे 'गैरवर्तन' मी एकदा स्वतः लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एका शिपायाला कमी करायचे होते. खरे कारण खर्चकपात. साहेब म्हणाले, भरपाईचे लफडे नको, वर्तणूक असमाधानकारक असे टाइप करा. मी टाइप केले. पत्रही शनिवारी साडेपाचला मीच त्याच्या हातात दिले. तो मुलगा पुढे दोन ठिकाणी मुलाखतीला गेला, दोन्हीकडे ते पत्र आडवे आले. हे त्याने मला बाजारात भेटून सांगितले, भांडला नाही, फक्त सांगितले. तेव्हापासून मी दाखल्यात काम केल्याचा काळ, कामाचे स्वरूप आणि खरे तेवढेच लिहितो. वरून काही वेगळे लिहायला सांगितले तर तसे लेखी द्या म्हणतो. बहुतेक वेळा लेखी कुणी देत नाही.

दोषच असेल तर

कुणी म्हणेल, सगळेच कामगार मामांसारखे नसतात. बरोबर आहे. खानावळ चालवणाऱ्या आमच्या एका ताईकडे भरलेला गॅस सिलिंडर गायब झाला. संशय वाढप्या मुलावर. तिने गिऱ्हाइकांच्या देखत त्याला चोर म्हणून हाकलले. चार दिवसांनी कळले, सिलिंडर पोचवणाऱ्यानेच एक कमी उतरवला होता. ताई आजही त्या मुलाच्या घरावरून जाताना पदर पुढे ओढते.

चौकशी म्हणजे कोर्टासारखा थाट नव्हे. आरोप काय, कोणत्या दिवशी, कुणी पाहिले, हे लेखी द्यावे. उत्तराला पुरेसे दिवस द्यावेत. एक दिवस ठरवून दोन्ही बाजू समोरासमोर ऐकाव्यात, त्याला साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यावेत, सोबत एखादा सहकारी बसू द्यावा. ज्याने तक्रार केली त्यानेच निकाल देऊ नये. सगळे लिहून सह्या घ्याव्यात. मगच निर्णय, आणि तोही दोषाच्या मानाने. वीस वर्षांच्या नोकरीत एकदा उशीर झाला म्हणून बडतर्फी हे न्यायालय मान्य करत नाही. १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. गैरवर्तन कशाला म्हणायचे, शिक्षा कशी द्यायची, हे मालकाच्या लहरीवर न ठेवता आधी लिहून भिंतीवर लावायचे, ही त्या कायद्यातली गोष्ट. आता स्थायी आदेश ३०० कामगारांपासून सक्तीचे आहेत. पण ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही हा नियम लहान शेडलाही चुकत नाही.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या काळात काढता येत नाही, हे पार्लरवाल्या आणि क्लासवाल्या भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे. आपणही त्यातून गेलेल्या आहोत. आणि धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना मात्र या कपातीच्या कायद्याचा आधार नाही; घरकाम 'उद्योगा'तून बाहेरच ठेवले आहे. त्यांच्यासाठी २००८ चा महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण 'उद्यापासून येऊ नको' याला त्यात उत्तर नाही.

ज्याला काढले त्याने

रडत बसू नये आणि भांडायलाही लगेच जाऊ नये. आधी तारीख, वेळ, कोण काय बोलले हे मामांसारखे लिहून ठेवावे. हजेरी, पगार, बँकेच्या नोंदी, ओळखपत्र, फोनवरचे निरोप जपावेत. काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार मिळाला पाहिजे. वेतन संहितेत तसे आहे. कोऱ्या कागदावर सही नाही. 'सर्व हिशोब मिळाला' या कागदावर पैसे खात्यात आल्यावरच सही, आणि त्याची प्रत आपल्याकडे. पीएफ असेल तर नोकरी सोडल्याची तारीख मालकाकडून ऑनलाइन भरून घ्यावी. त्याने नाही भरली तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतःच ती भरता येते. काढणे बेकायदेशीर वाटले तर कामगार कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. दोन वर्षे उलटली तर ते प्रकरण हाती घेत नाहीत. पूर्वी तीन वर्षांपर्यंत न्यायालयाचे दार उघडे असे, म्हणून 'बघू पुढच्या दिवाळीला' हे आता चालणार नाही.

जानेवारीच्या ३१ तारखेला शनिवार होता. म्हणून आम्ही ३० तारखेला, शुक्रवारी दुपारी शेडमध्ये जमलो. सत्तर हजार आणि महिन्याचा पगार बँकेत जमा झाल्याचा निरोप मामांच्या फोनवर आला, तो त्यांनी मला वाचायला दिला. करारावर, पावतीवर सह्या झाल्या. निधीचे पैसे भरण्याचे काम राहिले आहे. त्याचा पाठपुरावा मी करतो आहे. मालकाने सगळ्यांना बोलावून सांगितले, "काम कमी झाल्यामुळे मामा जात आहेत. त्यांच्या कामात दोष नव्हता." पुढे त्याला बोलता आले नाही. तो तरुण वेल्डर मागे मशीनपाशी उभा होता, पुढे येईना. मामांनी हत्यारांच्या पेटीची किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि त्या पोराला हाक मारली. स्वतःच्या पैशाने घेतलेली वेल्डिंगची काच त्याला दिली. म्हणाले, "हिचा काळेपणा चांगला आहे. तुझी ती स्वस्तातली टाकून दे. डोळे जातात."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांना मिळाली आहे.